आत्याच्या तोंडचं नाव

॥ श्री ॥
दिलसुखनगर, हैदराबाद
६ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
निशिगंधाचा शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून तुम्ही आधी कपाळाला आठ्या घालाल. दिलसुखनगरहून अंबरपेठला ऑटोने यायला वेळ तो किती लागतो, आणि ही बाई तिकीट लावून पत्रं पाठवते. पण रविवारी येऊन तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुमच्या कानाशी ओरडायचं. मी ओरडले की उदय आणि प्रणिता ऐकतात, आणि खालच्या मजल्यावरचे रेड्डीगारूही जिन्यात येऊन उभे राहतात. कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवलंय, त्यामुळे फोनचा प्रश्नच मिटला. शिवाय उदयला मराठीचं एक पान वाचायला एक सुट्टी लागते, तेव्हा पत्र फुटण्याची भीती नाही.

इकडे सगळं ठीक. माझ्या वसतिगृहातल्या पोरींच्या परीक्षा जवळ आल्यात. कुणी रडतंय, कुणी जेवत नाही, एकीला मेसच्या सांबारात आईच्या हाताची चव हवी आहे. तुमच्या नातवाचा, अमोलचा, पुण्याहून फोन असतो. तुमचे जावई सुरेश दुकानाच्या कामात असतात.

आता मुद्द्याचं. तुमची नात महिन्याची होत आली आणि दवाखान्याच्या फाइलवर अजून ‘बेबी ऑफ प्रणिता’ आहे. तेवीस फेब्रुवारीला बारसं ठरलंय, कारण प्रणिताच्या भावाला त्याआधी रजा नाही. तोवर पोरगी बिननावाची. आणि या घरातल्या प्रत्येकाला गेल्या आठवड्यापासून अचानक माझी आठवण यायला लागली आहे. उदय दोनदा स्कूटरवरून येऊन गेला. काल तर गाजराचा हलवा घेऊन आला. चाळिशी ओलांडलेल्या भावाने बहिणीला आपणहून हलवा आणून द्यावा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

प्रकरण असं आहे की प्रणिताला ऑपेरातलं नाव ठेवायचं आहे. तिच्या कंपनीत ती दिवसभर तेच काम करते ना, इटलीची संगीत नाटकं ऐकून त्यांच्या गोष्टी चार ओळींत लिहायच्या आणि पात्रांची नावं लावायची. उदय म्हणतो, ताई, तू आत्या आहेस, कानात नाव तू सांगणार, बाबांना तूच पटव. म्हणजे त्यांनी नाव शोधायचं, मी ते कानात सांगायचं, आणि तुमच्या शिव्याही मीच खायच्या. पाळण्याजवळ आत्याला मान आहे असं लहानपणापासून ऐकत आले. मान आहे, पण वाक्य कायम दुसऱ्याचंच.

तुमच्या मनात काय आहे तेवढं कळवा. साखर सांभाळा. आहे तो लोभ वाढत नसला तरी आटू देऊ नये, ही विनंती.

तुमची,
निशिगंधा


॥ श्री ॥
अंबरपेठ
११ जानेवारी २०२५

चि. सौ. निशिगंधा हीस,
हिम्मतरावाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावलं. चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत, ते लाल शाईने दुरुस्त करून ठेवलं आहे, येशील तेव्हा दाखवीन. मास्तरकी सोडली तरी मास्तरकी आम्हाला सोडत नाही.

माझ्या मनात काय आहे, असं विचारतेस. बाकी कुणी विचारलेलं नाही. सूनबाईंनी परवा मला मोबाईलवर एक गोरी बाई दाखवली. तोंड उघडलं होतं आणि छातीवर हात होता. मला ऐकू येत नाही, त्यामुळे मला तिचे फक्त दात दिसले. खाली तिचं नाव होतं, ते ठेवायचं म्हणतात. मी मान हलवली. ती मान मी का हलवली याचा त्यांनी हवा तो अर्थ घेतला असेल.

संगीत नाटकातलं नाव हवं, याला माझी हरकत कशी असेल? या घराची रीतच ती आहे. आमचे अप्पा, म्हणजे तुझे आजोबा अप्पाराव, दिवसा वकिली करत आणि रात्री गौलीगुड्याच्या मराठी मंडळींना घेऊन तालमी. त्यांनी जन्मात एकच नाटक लिहिलं, पण वर्षानुवर्षं गणपतीत ते उभं राहिलं आणि लोक तुळजाभवानीला यावेत तसे ते पाहायला येत. राजा उदयसेन दुसरीच्या नादी लागतो, राणी निशिगंधा वाट पाहते, राजमाता त्रिवेणी तिला धीर देते, आणि पाचव्या अंकात राजा परत आल्यावर राणी क्षमेचं पद म्हणते. त्या पदाला वन्समोअर मिळाला नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. घरात जन्मलेल्या प्रत्येकाला अप्पांनी त्यातलंच नाव दिलं. तुमची दोघांची नावंही त्यांच्याच इच्छेने ठेवली.

एवढं घरात असताना इटलीला जायचं कारण काय? काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्रिवेणी हे नाव अजून कुणाला दिलेलं नाही. तीन नद्या एकत्र येतात ती त्रिवेणी. अर्थ आहे, भारदस्तपणा आहे, आणि हैदराबादेत तेलुगु माणसालाही ते म्हणता येतं. बारशाला तू कानात त्रिवेणी सांग. आत्याच्या तोंडून एकदा निघालं की ते ब्रह्मदेवालाही बदलता येत नाही. पुढे उदय काय कागद रंगवायचे ते रंगवू दे.

दुसरं, उदय सांगत होता की सुरेशराव दिवाळीपासून पुन्हा निजामाबादच्या वाऱ्या करत आहेत. तू पत्रात काही लिहिलं नाहीस. मी विचारत नाही. एवढंच सांगतो की धीराने घे. मागेही तू धीर धरलास आणि घर राहिलं. नाव अप्पांनी विचार करून दिलेलं आहे.

औषध वेळेवर घेतो. गुडघ्याला तेल लावायला कुणी नसलं तर स्वतः लावतो. कृपादृष्टी आमची तुझ्यावर आहेच, तू पत्राने ती जागी ठेवत जावी.

तुझा,
बाबा


अंबरपेठ
२० जानेवारी

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

माझं मराठी लिहिणं कसं आहे ते तुम्हाला माहिती आहे. शाळेत तेलुगु आणि इंग्लिश, घरात अम्मा मराठी बोलायची, पण लिहिणं नक्को रे बाबा असंच होतं. तुम्ही फोन उचलत नाही, मेसेज बघत नाही. उदय म्हणाले, ताईला पत्र लिही, ताई फक्त पत्राला जवाब देते. म्हणून बसले. बेबी आत्ता झोपली आहे. झोपली म्हणजे जास्तीत जास्त या पानापुरती.

ताई, मी जिद्द म्हणून ऑपेराचं नाव घेत नाही. लग्न करून आले तेव्हा मामांनी, म्हणजे तुमच्या बाबांनी, मला पहिल्याच आठवड्यात आजोबांच्या नाटकाची गोष्ट सांगितली होती. मला फार मस्त वाटलं होतं. वाटलं, माझं काम आणि या घरचं वेड एकच आहे. म्हणून तर मी नाव शोधायला लागले. पण ताई, काय सांगू, शोधून शोधून परेशान झाले. ऑपेरात बायकांची नावं इतकी सुंदर असतात आणि शेवटच्या अंकात सगळ्या मरतात. कुणी खोकून मरते, कुणी सुरीने, कुणी उंचावरून उडी मारते, एक तर नुसती दुःखानेच मरते. मरताना पंधरा मिनिटं गातात. ऑफिसात मी त्यावर हसायची. पोटात बेबी आल्यावर हसू येईना.

मग मी एकच बघायला लागले, शेवटपर्यंत जिवंत कोण राहते. एक मिळाली. छोटा ऑपेरा आहे, कुणी जास्त करत नाही. त्यात आल्बा म्हणून एक पाव विकणारी मुलगी आहे. गाणी दोनच. तिला कुणी फसवत नाही, ती कुणासाठी रडत नाही, पडदा पडतो तेव्हा ती पाव विकत असते. बस. आल्बा म्हणजे इटालियनमध्ये पहाट. लॅटिनमध्ये पांढरं, उजळ, त्यावरून आलं. आणि बापाचं नाव उदय. मला वाटलं, याच्यापेक्षा चांगलं काय मिळणार?

मामांना हे पाटी नाही, कागद नाही, कशावर समजवू? त्यांनी मान हलवली, पण मला कळतं, ती मान हो म्हणून नव्हती. आमच्याकडचा बारसाला म्हणजे तुमचं बारसं, त्याच्या फ्लेक्सची ऑर्डर गेली आहे. नावावर कागद चिकटवून आणणार, तुम्ही कानात सांगितलं की काढायचा. इकडच्या शेजाऱ्यांना तांदळात अंगठीने नाव लिहायचं आहे, ते पण करू. फक्त तुम्ही आल्बा म्हणा ताई. तुमच्या तोंडून आलं तर मामा काही बोलणार नाहीत.

उदय घाबरतात की तुम्ही नाराज व्हाल. मी म्हटलं, बिलकुल नाही, ताई कधीच कुणाला नाही म्हणत नाहीत. त्याच भरोशावर आहे.

बेबी उठली. चुका माफ करून माया तेवढी ठेवा.

तुमची,
प्रणिता


॥ श्री ॥
दिलसुखनगर
२८ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं, मग प्रणिताचं आलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली. एकाने लिहिलंय की धीर धर, दुसरीने लिहिलंय की ताई कधी नाही म्हणत नाही. मेसमधली बाई विचारत होती की आज डाळीत मीठ कुठे गेलं. कुठे गेलं ते मला विचारू नका.

प्रणिताच्या नावावर मी चिडलेले नाही. पोरगी विचार करून बसली आहे. तिने मला सांगितलं की तिकडच्या नाटकांत बायका शेवटच्या अंकात मरतात. आपल्याकडच्या मरत नाहीत, माफ करतात. बाबा, खरं सांगू का, मला दोन्हींत फारसा फरक वाटला नाही. मेलेलीला निदान दुसऱ्या दिवशी उठून डबा करावा लागत नाही.

तुम्ही विचारत नाही म्हणता, म्हणून मीच सांगते. सुरेश दिवाळीपासून तिकडेच आहेत असं समजा. बाई तीच, गेल्या वेळची. गेल्या वेळी अमोल दहावीला होता. मी तुमच्याकडे आले होते, तुमच्या समोरच्या खुर्चीत बसले होते, आणि तुम्ही मला काय म्हणालात ते तुम्हाला आठवतं का माहीत नाही. तुम्ही म्हणालात, तुझं नावच निशिगंधा आहे बाळ. मला वाटलं तुम्ही पुढे काहीतरी बोलाल. तुम्ही ते पद गुणगुणायला लागलात. मग सुरेश परत आले, सगळ्यांना हायसं वाटलं, कोपऱ्यावरच्या काकूंनी पेढे वाटले. नाटकात तिथे पडदा पडतो. माझा पडला नाही. त्यानंतरची सगळी वर्षं मी त्यांच्या शर्टाचा वास घेत काढली.

निशिगंधा म्हणजे रात्री वास देणारं फूल. लहानपणी मला नाव फार आवडायचं. आता वाटतं, कुणाच्या तरी वाट पाहण्याला अत्तर लावून ठेवलंय.

त्रिवेणी मी सांगणार नाही. राजमाता त्रिवेणी नाटकभर एकच काम करते, सुनेला सांगते की सोसणं हाच बाईचा दागिना. एका घरात तो दागिना एका पिढीला पुरे झाला.

आणि नाटकातलंच नाव हवं असेल तर एक उरलंय. आई त्या नाटकात राजमाता नव्हती, हे तुम्ही सोयीने विसरता. मंडळात बायका उभ्या राहायला लागल्यावर आईने चतुराबाईचं काम केलं, ती राजवाड्यातली मोलकरीण. राजा कुठे जातो ते तिलाच आधी कळतं. ती त्याचे जोडे लपवते, सेनापतीची टर उडवते, आणि शेवटी सगळे क्षमेच्या पदावर माना डोलवत असताना गाठोडं उचलून म्हणते की या घरात आता मी राहायची नाही, आणि प्रेक्षकांच्या मधून चालत निघून जाते. लोक हसायचे. मी पहिल्या रांगेत बसून हसायची. आई आजारी असताना एकदा म्हणाली होती की वर्षभर मी त्या जाण्याची वाट बघत असे.

चतुरा. सोपं नाव आहे, अर्थ सांगायला नको. बारशाला मी कानात हेच सांगणार आहे. प्रणितालाही तसं कळवते. तुम्ही दोघं माझ्यावर रागावलात तर निदान सासरा-सुनेचं एका गोष्टीवर एकमत होईल.

रागात लिहिलं आहे, तसंच पाठवते. अक्षर वाकडं आलं तरी ममता सरळ असू द्यावी.

तुमची,
निशिगंधा


॥ श्री ॥
अंबरपेठ
३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निशिगंधा हीस,
अ. उ. आ.

या वेळी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले नाहीत. वाचतानाच हात थांबला.

तुझ्या आईने चतुराबाईचं काम केलं हे मी विसरलेलो नाही. तिने ते उत्तम केलं. पण काम वेगळं आणि पाळण्यातल्या पोरीचं नाव वेगळं. अप्पांच्या पणतीला मोलकरणीचं नाव? सूनबाई पाववाली शोधून आणतात, तू भांडीवाली. राणी आणि राजमाता कुणाला नकोच आहेत.

नावाचं ओझं तू मला शिकवू नकोस. माझं नाव ज्याच्यावरून ठेवलं तो सेनापती हिम्मतराव दर प्रयोगात तलवार उपसतो आणि उंदीर बघून बेशुद्ध पडतो. अप्पा ते काम स्वतः करत आणि त्यांना ते इतकं प्रिय की एकुलत्या मुलाला तेच नाव दिलं. मी गौलीगुड्यातच शाळेत शिकवलं. दर वर्षी गणपती झाले की नवव्या वर्गातलं एखादं कार्टं फळ्यावर उंदीर काढून ठेवायचं. नाव मोठं लक्षण खोटं, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, कान चालू होते तोवर. मी कधी अप्पांना विचारलं नाही. मोठ्यांनी दिलेलं नाव मिरवायचं असतं, त्याचा हिशेब मागायचा नसतो.

सुरेशरावांबद्दल तू जे लिहिलंस ते वाचलं. बापाने यात काय सांगावं? मी तेव्हा जे म्हणालो ते तुझ्या भल्यासाठी म्हणालो. या वयात घर मोडून कुठे जाशील? अमोलच्या लग्नाचं बघायचं आहे. लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं?

त्रिवेणी सांगायचं नसेल तर पाळण्याशी येऊ नकोस. माझ्या चुलतभावाच्या मुलीला, हर्षदाला, वारंगळहून बोलावतो. तीही आत्याच लागते, आणि तिला सांगितलेलं कळतं.

एवढंच. आशीर्वाद नेहमीचे, ते रागात कमी होत नाहीत.

बाबा


॥ श्री ॥
दिलसुखनगर
२६ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही गच्चीवरून खाली निघून गेलात ते परत आला नाहीत. जेवणाचं ताट उदयने खोलीत नेलं, तेही तसंच आलं असं तो म्हणाला. तुम्हाला ऐकू आलं नाही आणि तुम्ही बघितलंत तेही अर्धंच. म्हणून काय झालं ते मी लिहून कळवते. पटवून घ्या असं म्हणत नाही. माहीत असावं एवढंच.

हर्षदा जरीचं नेसून पाळण्याच्या उशाशी उभी होती. मी आल्यावर ती बाजूला झाली. बिचारी म्हणाली की काकांनी सांगितलं म्हणून आले, मला यात ओढू नका. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं, घुगऱ्या वाटल्या, पोरं माझ्या पाठीवर थापा मारायला मागे टपून बसली. मी वाकले. चतुरा हे नाव तोंडात तयार होतं. तुमच्या पत्रानंतर तर ते जास्तच घट्ट बसलं होतं.

पोरगी जागी होती. माझ्या मंगळसूत्राकडे बघत होती. मला एकदम वाटलं की मी हे काय करते आहे? अप्पांना वाटलं म्हणून मी निशिगंधा झाले, तुम्ही हिम्मतराव झालात, आणि आता मला माझ्या नवऱ्याचा राग आलाय म्हणून ही चतुरा होणार. हिचं अजून कुणाशी भांडण नाही. तिच्या वाटणीचं तिला मिळेलच, माझं कशाला देऊ?

मी सरळ झाले आणि प्रणिताला म्हटलं की इथे ये आणि तू सांग. बायकांत कुजबुज झाली की आत्या असताना आई कशी सांगेल. प्रणिताला वाटलं मी रुसले, तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, रुसले नाही, माझा हक्क आहे आणि तो मी तुला देते, आता वेळ लावू नकोस. तिने कानात आल्बा सांगितलं. पोरांनी सवयीने माझ्याच पाठीवर थापा मारल्या, त्या अजून दुखतायत. मग उदयने फ्लेक्सवरचा कागद काढला, तुम्ही ते वाचलंत, आणि जिना उतरून गेलात.

तुम्हाला वाटलं असेल की निशिगंधाने पुन्हा मान तुकवली, बापापुढे नाही तर भावजयीपुढे. सगळ्यांना तसंच वाटलं. उदयने तर मला मिठी मारली आणि म्हणाला, मला माहीत होतं ताई तू समजून घेशील. त्या वेळी त्याच्या डोक्यात पाटा घालावा असं वाटलं. चांगलं वागलं तरी तेच आणि वाईट वागलं तरी तेच. माझं वागणं कुणी बघतच नाही, आधीच ठरलेलं असतं.

प्रणिताचं झाल्यावर मीही वाकले होते, ते तुम्ही पाहिलं नाहीत. मी बाळाच्या कानात म्हटलं की मी तुझी चतुरा आत्या. नाव मी तिला दिलं नाही, मी घेतलं. आईनंतर ते रिकामंच पडलं होतं.

सोमवारी सुरेश निजामाबादहून आले. मी त्यांची बॅग भरून ठेवली होती. ते आधी हसले. मग म्हणाले की माझ्या बीपीच्या गोळ्यांचं कोण बघणार. बाबा, खरंच हे म्हणाले. मी गोळ्यांचा डबाही बॅगेत घातला होता, तो दाखवला. सध्या ते दुकानाच्या वरच्या खोलीत आहेत. वसतिगृहाचा भाडेकरार माझ्या नावावर आहे, त्यामुळे मी कुठे जाईन ही काळजी तुम्ही सोडा. मी कुठेही जात नाही. अमोलला सांगितलं, तो म्हणाला, आई, मी शनिवारी येतो.

लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं, असं तुम्ही विचारलं होतंत. मला माहीत नाही. मला रात्री झोप लागत नाही आणि दिवसा भीती वाटते. पण माफ करायचं माझ्यात आता काही उरलेलं नाही, आणि ते नसताना करून दाखवायला मी रंगमंचावर नाही. तुम्हाला हे आवडणार नाही. मला तुमचा रागही आलाय आणि तुमच्या न जेवलेल्या ताटाचं वाईटही वाटतंय.

उत्तर द्यावंसं वाटलं तर द्यावं, न द्यावंसं वाटलं तरी जेवावं. मुलीवरची माया नावावर अवलंबून नसावी, एवढंच मागणं.

तुमची,
चतुरा


॥ श्री ॥
अंबरपेठ
१२ मार्च २०२५

चि. मुलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मायना लिहितानाच अडलो, म्हणून मुलीस असं लिहिलं. ते तर कुणी बदललेलं नाही.

जेवतो आहे. उदयने तुला कळवलं असेलच. इकडे उन्हाळा लवकर लागला, गच्चीवरचा शामियान्याचा बांबू अजून कुणी नेला नाही. नातीला मी अजून कसलीच हाक मारलेली नाही. ते इटलीचं नाव जिभेवर येत नाही, आणि माझं ठेवलेलं कुणी ठेवलं नाही. मी तिला काय गं म्हणतो. ती बघते. सूनबाई म्हणाल्या, म्हणजे लिहिलं, की मामा, चालेल. त्यांनी मला एक पाटी आणून दिली आहे, पहिलीतल्या पोरांची असते तशी. आता जो येतो तो तिच्यावर लिहितो आणि मी तोंडाने उत्तर देतो. कानाजवळ ओरडणं बंद झालं. ही गोष्ट त्यांनी चांगली केली.

तू जे केलंस ते मला पटलेलं नाही. नाव बदलणं पटलेलं नाही, आणि बाकीचंही. तुझी आई असती तर तिने काय म्हटलं असतं याचा विचार करत बसतो, आणि तिने काय म्हटलं असतं ते मला कळतं, म्हणून जास्त राग येतो. सगळ्यांना कळतं ते घरच्या मास्तरला सगळ्यात शेवटी कळावं, ही काही शोभेची गोष्ट नाही.

लिहिण्याचं कारण असं की काल दुपारी सुरेशराव आले होते. मिठाईचा पुडा घेऊन आले. वाकून नमस्कार केला. घरात मीच एकटा होतो, उदय ऑफिसात आणि सूनबाई बाळाला टोचायला घेऊन गेल्या होत्या. बराच वेळ ते बोलत राहिले. मी सांगितलं की मला काही ऐकू येत नाही, तेव्हा त्यांनी पाटी ओढून घेतली. पाटी भरून लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. तब्येत बरी नसते, खोलीत पंखा नीट नाही, चूक झाली, पुन्हा होणार नाही. गेल्या वेळीही जवळजवळ हेच म्हणाले होते, तेव्हा मला ऐकू येत होतं. मी वाचत गेलो. मला बाहेर जावंसं वाटलं, पण खुर्चीतून मी उठलो नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं, निशिगंधेला समजवा, ती तुमचं ऐकेल.

तोंडाने उत्तर देता आलं असतं. पण मी पेन्सिल घेतली आणि त्याच्याच खाली लिहिलं, या नावाची मुलगी आमच्या घरात राहिलेली नाही.

ते वाचून ते चपला घालून निघाले. मी चहा विचारला नाही. गेल्यावर मिठाईचा पुडा रेड्डीगारूंच्या नातवंडांना देऊन टाकला.

अमोल आला तर त्याला घेऊन इकडे जेवायला ये. पत्र मिळाल्याचं कळव.

तुझा,
बाबा